दूध वाढविणाऱ्या वनस्पती : परंपरा आणि पारख

बाळंतिणीला दूध भरपूर यावे यासाठी तिने काय खावे आणि काय टाळावे, याविषयीचे ज्ञान महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. अळिवाची खीर, मेथीचे व डिंकाचे लाडू, खसखस, लसणाची चटणी, बाजरीची भाकरी आणि जेवणानंतर ओवा, तीळ व बाळंतशोप यांची चिमूट हा सव्वा महिन्याचा आहार बहुतेक सर्व जिल्ह्यांत थोड्याफार फरकाने आढळतो. शेपूच्या बियांना तर बाळंतिणीवरूनच नाव मिळाले. अलीकडे या घरगुती पदार्थांच्या जोडीला शतावरीचे कल्प, चूर्णे, गोळ्या आणि 'दूध वाढविणारे' म्हणून विकली जाणारी अनेक तयार मिश्रणे औषधांच्या दुकानांत आली आहेत. खेड्यातील किराणा दुकानांतही त्यांचे डबे दिसू लागले आहेत.

या वनस्पतींनी खरोखर दूध वाढते काय, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु त्याच्याशी अर्भकाचे पहिले सहा महिने निगडित आहेत. पहिल्या आठवड्यात 'दूध येत नाही' असा समज झाला की घरातील माणसे एकीकडे शतावरी आणतात आणि दुसरीकडे वरच्या दुधाची बाटली आणतात. यांतील पहिल्या गोष्टीने फारसे बिघडत नाही. दुसरीने मात्र पुष्कळदा आईचे येणारे दूधही आटते. म्हणून वनस्पतींची पारख करण्यापूर्वी दूध कसे तयार होते हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्राचीन ग्रंथांतील विचार

आयुर्वेदाने दूध वाढविणाऱ्या द्रव्यांना 'स्तन्यजनन' असे नाव दिले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दहा-दहा औषधींचे पन्नास गट सांगितले आहेत. त्यांतील स्तन्यजनन गटात वीरण म्हणजे वाळा, साळी, साठीचा भात, दर्भ, कुश, कास अशा दहा वनस्पतींची मुळे येतात. या बहुतेक सर्व गवताच्या जातीच्या आहेत. आज सर्वांच्या तोंडी असलेली शतावरी या दहांत नाही, हे अनेकांना आश्चर्यकारक वाटेल. तिचा उल्लेख सुश्रुतसंहितेत सापडतो. तेथे गहू, साळीचा भात, मांसरस, लसूण, मासे, शिंगाडा, विदारीकंद, ज्येष्ठमध, दुध्या भोपळा यांच्या पंक्तीत शतावरी बसविली आहे. ही यादी पाहता तिचा मोठा भाग औषधांचा नसून पौष्टिक अन्नाचा आहे, हे ध्यानात येते.

याच ग्रंथातील आणखी एक निरीक्षण अधिक मोलाचे आहे. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांमुळे स्त्रीचे दूध नाहीसे होते, तर बालकाचा स्पर्श, दर्शन व स्मरण यांनी ते वाहू लागते, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. आधुनिक शरीरशास्त्राने या निरीक्षणामागील यंत्रणा उलगडून दाखविली.

दूध कसे तयार होते

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिन हे दूध तयार करविते आणि ऑक्सिटोसिन हे तयार झालेले दूध बाहेर सोडविते. बाळ स्तन चोखू लागले की त्या स्पर्शाची वार्ता मज्जातंतूंमार्फत मेंदूस पोहोचते आणि दोन्ही संप्रेरके रक्तात उतरतात. रात्रीच्या वेळी प्रोलॅक्टिनचे प्रमाण अधिक असते. म्हणूनच 'रात्री आईला झोपू द्या, बाळाला वरचे पाजा' हा प्रेमळ सल्ला दुधाच्या दृष्टीने हिताचा नसतो. ऑक्सिटोसिनवर मनःस्थितीचा परिणाम होतो. वेदना, भीती, अपमान वा चिंता असेल तर स्तनात दूध असूनही ते सुटत नाही. बाळाच्या नुसत्या रडण्याने पाझर फुटण्याचे कारणही हेच संप्रेरक होय.

याशिवाय प्रत्येक स्तनात एक स्थानिक नियंत्रण असते. स्तन भरलेला राहिला तर दूध तयार होण्याची गती मंदावते, आणि तो रिकामा झाला की ती वाढते. विहिरीचे पाणी उपसले तरच झरे मोकळे राहतात, हे शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. स्तनाचेही तसेच आहे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळाला पाजणे, त्याने स्तनाग्राबरोबर भोवतालचा काळसर भागही तोंडात घेणे आणि एक बाजू नीट रिकामी होऊ देणे या तीन गोष्टींवर दुधाचे प्रमाण प्रामुख्याने ठरते. यांची उणीव कोणतीही मुळी भरून काढू शकत नाही.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत स्तनातून घट्ट, पिवळसर चीक येतो. तो एका वेळी जेमतेम चमचाभर असतो आणि नवजात बालकाच्या चिमुकल्या जठराला तेवढाच पुरतो. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. भरघोस दूध साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उतरते. शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्यास त्यास थोडा अधिक विलंब लागू शकतो. नेमक्या याच काळात घरातील वडीलधाऱ्यांचा धीर सुटतो. चीक 'जड' म्हणून पिळून टाकला जातो. बाळाला मध, गुळाचे पाणी, गुटी किंवा डब्यातील दूध दिले जाते. तान्ह्या मुलाला मध देणे तर धोक्याचेच आहे, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो. एक वर्षापर्यंत मध देऊ नये, असा वैद्यकशास्त्राचा स्पष्ट सल्ला आहे.

'दूध पुरत नाही' म्हणजे काय

बाळ रडते, दर तासाला मागते, संध्याकाळी स्तन सोडतच नाही, म्हणून दूध कमी आहे असे मानले जाते. वस्तुतः संध्याकाळी वारंवार पिणे हा कित्येक निरोगी बालकांचा स्वभाव असतो. वाढीचा वेग वाढतो तेव्हाही ते काही दिवस जास्त मागतात, आणि त्या मागणीनेच दूध वाढते. काही आठवड्यांनी आईला स्तन मऊ व हलके वाटू लागतात. तेही दूध आटल्याचे चिन्ह नव्हे. शरीराने बाळाच्या गरजेशी मेळ घातला, एवढाच त्याचा अर्थ. पंपाने किंवा हाताने पिळून किती दूध निघाले, यावरूनही अनुमान काढू नये. बाळाइतके कुशलतेने दूध काढणारे यंत्र नाही.

पुरेसे दूध मिळत असल्याची भरवशाची खूण बाळाच्या लघवीत आणि वजनात असते. पहिल्या आठवड्यानंतर केवळ आईच्या दुधावर असलेले बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी करते. जन्मानंतर वजन थोडे घटते आणि साधारणतः दहा ते चौदा दिवसांत ते पूर्ववत होते. घट जन्मवजनाच्या १० टक्क्यांहून अधिक झाली, लघवी गडद किंवा कमी होऊ लागली, किंवा बाळ सुस्त पडून पिण्यासाठी उठेनासे झाले, तर घरगुती उपायांत एक दिवसही न दवडता त्याला दवाखान्यात नेले पाहिजे. शतावरीचा गुण येण्याची वाट पाहण्याची ती वेळ नव्हे.

एकदा बाटली सुरू झाली की पुढील क्रम ठरलेला असतो. पोट भरल्यामुळे बाळ स्तनाकडे कमी वळते. चोखणे कमी झाल्यामुळे दूध कमी तयार होते. ते पाहून बाटलीतील दूध वाढविले जाते. महिन्याभरात आईचे दूध खरोखरच आटते आणि 'तिला दूधच नव्हते' हे सर्वांना पटते. त्यातून अस्वच्छ पाणी आणि न उकळलेली बाटली यांची भर पडल्यास अतिसार ठेवलेलाच. वैद्यकीय कारणाने वरचे दूध द्यावेच लागले, तर ते वाटी-चमच्याने द्यावे, स्तनपान चालू ठेवावे आणि आईने दूध काढत राहावे, म्हणजे हे चक्र रोखता येते.

वनस्पतींची परीक्षा

शतावरीच्या काटेरी वेलीखाली बोटाएवढ्या जाड, पांढुरक्या मुळ्यांचा झुबका असतो. औषधात वापरतात ती ही मुळी होय. तिची तपासणी भारतातच झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. १९९६ साली 'इंडियन पेडिॲट्रिक्स' या नियतकालिकात दूध अपुरे असल्याची तक्रार असलेल्या ६४ मातांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना शतावरीयुक्त औषध आणि काहींना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध देण्यात आले होते. दोन्ही गटांतील मातांच्या प्रोलॅक्टिनमध्ये किंवा बालकांच्या वजनवाढीत उल्लेखनीय फरक आढळला नाही. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ६० मातांवरील प्रयोगात मात्र शतावरीच्या मुळीचे चूर्ण घेणाऱ्या मातांच्या प्रोलॅक्टिनमधील वाढ दुसऱ्या गटाच्या सुमारे तिप्पट दिसली. दोन प्रयोग, दोन निष्कर्ष. दोन्ही लहान. अशा स्थितीत शतावरीला निरुपयोगी ठरविणे जितके घाईचे, तितकेच तिला रामबाण म्हणणेही घाईचे ठरेल.

जगभरातील अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२० साली घेतला. त्यात पूर्ण दिवसांच्या निरोगी बालकांच्या तीन हजारांवर मातांचा समावेश असलेले ४१ प्रयोग तपासण्यात आले. मेथी, आले, शेवगा, केळफूल अशा अनेक पदार्थांचा त्यांत अंतर्भाव होता. या पदार्थांनी दूध काही प्रमाणात वाढत असावे, परंतु उपलब्ध पुराव्याची विश्वसनीयता अत्यंत कमी आहे, असा सावध निष्कर्ष त्यातून निघाला. शेवग्याच्या पाल्याला फिलिपाइन्स देशात जो मान आहे, तो आपल्याकडे अळिवाला आहे. तेथील स्त्रिया त्याला मालुंगाय म्हणतात आणि बाळंतिणीच्या सूपात घालतात. प्रत्येक देशाने आपल्या अंगणातील वनस्पती बाळंतिणीसाठी निवडली, असे म्हणावयास हरकत नाही.

असे प्रयोग करणे कठीण का, हेही समजून घेण्यासारखे आहे. ज्या मातेला औषध दिले जाते तिची विचारपूस होते, तिला धीर मिळतो आणि ती बाळाला अधिक वेळा जवळ घेते. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत दूध आपोआपच वाढत असते. यांतील किती वाढ औषधाची आणि किती इतर गोष्टींची, हे वेगळे करण्यासाठी काटेकोर तुलना लागते. घरगुती अनुभवात ती नसते. सासूबाईंनी अळिवाची खीर दिली आणि चौथ्या दिवशी दूध उतरले, हे खरेच असते. पण ते चौथ्या दिवशी उतरणारच होते.

याचा अर्थ खिरीची परंपरा टाकाऊ आहे असा नव्हे. अळिवात लोह आहे. डिंकाच्या लाडवात सुके खोबरे, खारीक, तूप व गूळ आहे. प्रसूतीत रक्त गेलेल्या आणि मुळातच रक्त कमी असलेल्या स्त्रीला या अन्नाची गरज असते. परंपरेचे खरे बळ कदाचित याहून निराळ्या ठिकाणी आहे. सव्वा महिना त्या स्त्रीला चुलीपासून आणि शेतापासून सुटका मिळे, तिचे अंग रगडले जाई आणि बाळ तिच्या कुशीत राही. आज लाडू बाजारातून विकत येतात, ती विश्रांती मात्र येत नाही.

सावधगिरी कोठे बाळगावी

स्वयंपाकात घातली जाणारी मेथी आणि औषध म्हणून मोठ्या मात्रेत घेतली जाणारी मेथी यांत फरक केला पाहिजे. मोठ्या मात्रेने पोटात वायू व जुलाब होऊ शकतात, तसेच रक्तातील साखर उतरू शकते. मधुमेहाचे औषध किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. शेंगदाणे किंवा हरभरा यांची ॲलर्जी असणाऱ्यांना मेथीही सोसत नाही, असे आढळले आहे. मेथीमुळे घामाला व लघवीला पाकासारखा गोड वास येतो. काही बालकांत या वासामुळे एका दुर्मिळ आनुवंशिक विकाराची शंका घेतली गेल्याच्याही नोंदी आहेत.

शतावरी कल्पात साखरेचे प्रमाण मोठे असते. गरोदरपणी मधुमेह झालेल्या मातेने हे लक्षात ठेवावे. अरिष्टे व आसवे आंबवून तयार होत असल्याने त्यांत मद्यार्क असतो. वैद्याने ठरवून दिलेल्या मात्रेबाहेर ती घेऊ नयेत. सर्वांत मोठा धोका मात्र अनोळखी पुड्यांचा आहे. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांच्या एका अमेरिकी पाहणीत, २००८ साली, सुमारे पाचव्या हिश्श्याच्या नमुन्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. आईच्या पोटात गेलेले शिसे दुधावाटे बाळापर्यंत पोहोचू शकते. म्हणून वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि तयार केल्याची तारीख नसलेले कोणतेही औषध बाळंतिणीने घेऊ नये. दूध वाढविण्यासाठी काही ॲलोपॅथिक गोळ्याही दिल्या जातात. त्यांतील डोम्पेरिडोनमुळे क्वचित हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊ शकतो. शेजारणीला दिलेली चिठ्ठी दाखवून त्या आणणे योग्य नव्हे.

काही स्त्रियांना दूध खरोखरच कमी येते. थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा, प्रसूतीच्या वेळी झालेला अतिरक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, स्तनावरील पूर्वीची शस्त्रक्रिया अशी त्याची कारणे असतात. त्यांतील काही उपचाराने दूर होतात, पण त्यासाठी तपासणी वेळेवर व्हावी लागते. एक कारण तर सहज टाळता येण्याजोगे आहे. इस्ट्रोजेन असलेल्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्या, उदाहरणार्थ 'माला-एन', स्तनदा मातेने पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नयेत, कारण त्यांनी दूध घटू शकते. शासकीय दवाखान्यांत मिळणाऱ्या 'छाया' गोळीत संप्रेरक नसल्याने ती स्तनदा मातांना चालते.

पहिला तास आणि पुढे

राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. असे असूनही जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण सुमारे ५३ टक्केच आढळले. म्हणजे डॉक्टर व परिचारिका हाताशी असताना निम्म्याच्या जवळपास बालकांचा पहिला तास हुकतो. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईच्या दुधावर असणाऱ्या बालकांचे प्रमाण मात्र सुमारे ७१ टक्के होते, आणि आधीच्या फेरीपेक्षा ते बरेच वाढले होते. घरांनी आपला वाटा उचलला आहे. प्रसूतिगृहांनी अद्याप पुष्कळ करावयाचे आहे, असे या आकड्यांवरून म्हणावे लागते. केंद्र शासनाचा 'मा' कार्यक्रम २०१६ पासून याच उणिवेवर भर देत आहे. डब्यातील दूध व दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने बंदी असून २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला.

आईच्या ताटाचा विचार औषधाच्या आधी झाला पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार स्तनदा मातेला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. दोन भाकरी, वाटीभर उसळ आणि मूठभर शेंगदाणे एवढ्याने ही गरज जवळपास भागते, आणि शतावरी कल्पाच्या डब्यापेक्षा हा खर्च कमी आहे. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची काही घरांतील रीत अनाठायी आहे. तिने तहानेनुसार पाणी प्यावे. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि प्रसूतीनंतर सहा महिने अंगणवाडीमार्फत एक वेळचा चौरस आहार देण्याची तरतूद २०१५ साली करण्यात आली.

आजारी किंवा अपुऱ्या दिवसांच्या बालकासाठी आईचे दूध तात्पुरते उपलब्ध नसेल, तर मानवी दुग्धपेढीचा आधार घेता येतो. आशियातील अशी पहिली पेढी मुंबईच्या शीव येथील रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून १९८९ साली सुरू झाली. रुग्णालयातून घरी परतलेल्या मातेकडे आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते आणि बाळाचे वजन करते. दूध पुरते की नाही, याचा उलगडा त्या वजनकाट्यावर होतो. बाळ स्तनाला नीट लागत आहे का, हेही आशा कार्यकर्तीला त्याच वेळी पाजून दाखविता येते.